तारखेच्या खिडकीतून क्रोनोग्राफ

हुडकेश्वर रोडवर, म्हाळगीनगर चौकाच्या पुढे, माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. पहिल्यांदाच क्रोनोग्राफ घेतलेली माणसं बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात. "भाऊ, कोरं करकरीत घड्याळ आहे, पण मोठा सेकंद काटा चालूनच नाही राहिला. असं काऊन?" मी घड्याळ हातात घेऊन उजवीकडचं वरचं बटण दाबतो आणि बारावर उभा असलेला काटा धावू लागतो. तेच बटण पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की बारावर परत येतो. रोजचे सेकंद मोजणारा काटा वेगळा असतो, डायलवरच्या एखाद्या लहान चकतीत. मोठा काटा मात्र आपण सांगू तेवढाच काळ मोजतो. वेळ दाखवणाऱ्या घड्याळात बसवलेलं स्टॉपवॉच म्हणजे क्रोनोग्राफ.

जावयाला द्यायला, मुलगा नोकरीला लागला म्हणून, वडील निवृत्त झाले म्हणून असं घड्याळ घेणारे आता इकडेही बरेच दिसतात. हुडकेश्वर, नरसाळा, पिपळा हा सगळा पट्टा वाढला, माणसं वाढली, हौसही वाढली. घ्यायच्या आधी विचारायला येणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. त्यांचा प्रश्न साधारण असा असतो : दिसायला जुन्या घाटाचं, भडक नको, तारीख मात्र हवीच, तर कोणतं घेऊ? मी त्यांना कंपनीचं नाव सांगत नाही. आधी तारखेची खिडकी बघा, एवढंच सांगतो. स्टॉपवॉच महिन्यातून चारदा लागेल, तारीख रोज लागते. शिवाय त्या इवल्याशा खिडकीतून घड्याळ कसं बनलंय ते बरंच कळतं.

मूळ अडचण जागेची आहे. क्रोनोग्राफच्या डायलवर दोन किंवा तीन लहान चकत्या असतात : एक चालू सेकंदांची, एक मोजलेल्या मिनिटांची, कधी एक मोजलेल्या तासांची. त्या तीन, सहा आणि नऊच्या जागा अडवून बसतात. मग तारीख ठेवायची कुठे? पूर्वीच्या बहुतेक क्रोनोग्राफमध्ये तारीख नसेच. चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरवरही ती नव्हती. १९६५ मध्ये नासाने ते घड्याळ कठोर चाचण्या घेऊन निवडलं होतं, आणि अंतराळवीरांना वेळ मोजायची होती, तारीख नव्हे.

१९६९ साल घड्याळवाल्यांनाही चंद्राइतकंच लक्षात राहण्यासारखं आहे. तोवर क्रोनोग्राफ चावीचे होते. मनगटाच्या हालचालीवर आपोआप चावी बसणारा क्रोनोग्राफ त्या एका वर्षात तीन ठिकाणी तयार झाला, आणि तिन्हींत तारीख होती. झेनिथने जानेवारीत 'एल प्रिमेरो' दाखवलं. त्यात तीन चकत्या तशाच ठेवून तारीख साडेचारच्या तिरक्या कोपऱ्यात बसवली होती. मार्चमध्ये ह्यूअर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्युरेन आणि ड्युबुआ-देप्रा यांनी मिळून केलेलं 'कॅलिबर ११' आलं. त्यात दोनच चकत्या, तारीख सहावर आणि चावी चक्क डाव्या बाजूला. जपानच्या सेकोने त्याच वर्षी ६१३९ हे मशीन बाजारात आणलं. त्यात सहाच्या जागी एकच चकती ठेवली आणि मोकळ्या राहिलेल्या तीनवर वार आणि तारीख दोन्ही ऐसपैस बसवले. अमेरिकन अंतराळवीर विल्यम पोग १९७३ मध्ये स्कायलॅब अंतराळस्थानकावर गेले तेव्हा हेच सेको त्यांच्याबरोबर होतं. मला विचाराल तर तिघांत तारीख सर्वांत सुवाच्य सेकोचीच.

चौथं उत्तर आलं १९७० च्या दशकात, एडमंड काप्ट या अभियंत्याच्या व्हॅलजू ७७५० मध्ये. त्यात चकत्या बारा, सहा आणि नऊवर नेल्या, म्हणजे तीनची जागा आपसूक रिकामी झाली आणि तिथे वार-तारीख आली. आजही स्वित्झर्लंडच्या कितीतरी कंपन्यांच्या क्रोनोग्राफमध्ये हेच मशीन किंवा त्याच्या आराखड्यावर बनलेलं सेलिटाचं एसडब्ल्यू ५०० असतं. चकत्या उभ्या ओळीत आणि तीनवर वार-तारीख असं डायल दिसलं की आत काय असेल याचा अंदाज झाकण न उघडताही येतो.

झेनिथच्या त्या मशीनची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. क्वार्ट्झची, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळांची, लाट आली तेव्हा, १९७५ मध्ये, कंपनीच्या मालकांनी एल प्रिमेरो बंद करून त्याची हत्यारं भंगारात काढायचा हुकूम दिला. शार्ल व्हर्मो नावाच्या तिथल्या कारागिराने ती हत्यारं, साचे आणि कागद कारखान्याच्या माळ्यावर गुपचूप नेऊन ठेवले, सगळ्यांवर नोंदी करून. १९८० च्या दशकात मागणी परत आली आणि त्या लपवलेल्या सामानावरच मशीन पुन्हा सुरू झालं. १९८८ पासून रोलेक्सने आपल्या डेटोनासाठी तेच मशीन घेतलं, त्याचा वेग कमी केला आणि तारीख काढून टाकली. म्हणजे तारीख नको असणारेही जाणते लोक आहेत. त्यांचं म्हणणं, डायल तोलात दिसतं. मला ते पटतं, पण बँकेत, शाळेत, तलाठी कार्यालयात दिवसभर कागदांवर तारखा घालणाऱ्या माणसाला मी बिनतारखेचं घड्याळ सुचवणार नाही.

आता खिडकीतून आत बघू. चांगल्या घड्याळात तारखेचा आकडा डायलच्या पातळीच्या जवळ असतो, खिडकीच्या मधोमध, कडांना न चिकटता. काही महागड्या क्रोनोग्राफमध्येही तो खोल, विहिरीत पडल्यासारखा दिसतो. अशा घड्याळात साधं तीन काट्यांचं मशीन घेऊन त्याच्यावर स्टॉपवॉचचा वेगळा थर चढवलेला असतो. तारखेची चकती खालच्या मशीनवर राहते, तिच्यावर तो थर येतो आणि मग डायल. म्हणून आकडा खोल जातो. घड्याळ आडवं धरून बाजूने बघितलंत तर चावी आणि दोन बटणं एका रेषेत नसलेली दिसतील. हे घड्याळ वाईट असं नाही. पण वरचा थर बिघडला तर साध्या दुकानात तो दुरुस्त होत नाही, बहुतेक वेळा अख्खा बदलावा लागतो. विकत घेताना हे माहीत असलेलं बरं.

दुसरं, तारखेसाठी डायल कसं कापलंय ते बघा. लहान चकतीवरचे आकडे अर्धे तुटलेले असतील, 'सहा'चं नुसतं शेपूट उरलं असेल, तर त्या डायलवर नीट विचार झालेला नाही. तारखेच्या चकतीचा रंग डायलसारखाच असेल तर घड्याळ शांत दिसतं. काळ्या डायलवर पांढरी तारीख पटकन वाचता येते, आणि साठीच्या पुढच्या गिऱ्हाइकाला मी तीच घ्यायला सांगतो.

तिसरं म्हणजे प्रत्येक चकती काय मोजते ते दुकानदाराला विचाराच. स्वस्तातल्या काही घड्याळांत चकत्या नुसत्या छापलेल्या असतात आणि काटे चिकटवलेले. गिऱ्हाईक मला म्हणतं, "हे तीन काटे सुरू करून द्या." ते सुरू होणारच नसतात, त्यांच्याखाली चाकच नसतं. काही चांगल्या घड्याळांतही एक चकती चोवीस तासांची असते, ती मुख्य तासकाट्याबरोबर फिरते आणि स्टॉपवॉचशी तिचा संबंध नसतो. मिनिटांची चकती ३० ची आहे की ६० ची, हेही बघा.

आतलं मशीन तीन तऱ्हेचं मिळतं. पहिलं साधं क्वार्ट्झ : सेलवर चालणारं, महिन्याला फार तर १५-२० सेकंद इकडेतिकडे. टायटन, कॅसिओ, टिसॉ, फॉसिल यांच्या बहुतेक क्रोनोग्राफमध्ये हेच असतं, आणि ज्याला घड्याळ घालून विसरून जायचंय त्याच्यासाठी हेच योग्य. त्यात स्टॉपवॉच कायम चालू ठेवू नका, सेल लवकर संपतो. सेल बदलल्यावर मोठा काटा कधी कधी बारावर न थांबता दोन-तीन घरं पुढे थांबतो. घड्याळ बिघडलेलं नसतं. बहुतेक मशीनमध्ये चावी बाहेर ओढून बटण दाबत काटा एकेक घर सरकवायचा आणि बारावर आणून चावी आत ढकलायची.

दुसरं अर्धं क्वार्ट्झ, अर्धं यांत्रिक. सेकोच्या व्हीके ६३ आणि व्हीके ६४ या मशीनमध्ये वेळ सेलवर चालते, पण स्टॉपवॉच चाकं-तरफांनी चालतं. काटा सेकंदाला पाच पावलं टाकत सळसळत जातो आणि शून्याचं बटण दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत बारावर येतो. व्हीके ६४ मध्ये तीन आणि नऊवर दोन चकत्या आणि सहावर तारीख अशी समतोल मांडणी असते. जुन्या घाटाचं रूप कमी पैशांत हवं असेल तर मी हेच बघायला सांगतो. मात्र व्हीके ६४ मध्ये चालू सेकंदाचा काटा नसतो. लांबून बघणाऱ्याला घड्याळ बंद वाटतं.

तिसरं पूर्ण यांत्रिक, चावीचं किंवा ऑटोमॅटिक. ते उघडून डोळ्याला भिंग लावलं की माझा दिवस चांगला जातो. स्टॉपवॉचच्या काट्याच्या दांड्यावर बदामाच्या आकाराची एक चकती असते. काटा कुठेही थांबलेला असो, शून्याचं बटण दाबलं की एक छोटा हातोडा त्या बदामावर पडतो. बदामाची कड गोल घसरत जाते आणि खोबणीच्या बाजूवर हातोडा टेकला की जागेवर स्थिर होते. टेकायची जागा एकच, म्हणून काटा दरवेळी बारावरच येतो. ॲडॉल्फ निकोल या कारागिराने याचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं आणि आजही लाखालाखांच्या घड्याळांत तोच बदाम आहे. या तऱ्हेच्या घड्याळात काटा धावत असताना शून्याचं बटण दाबू नका, आधी थांबवा. दिवसाला काही सेकंद पुढेमागे होणार हे धरून चला आणि दर पाच-सात वर्षांनी साफसफाई-तेलपाण्याचा खर्चही हिशोबात घ्या. क्रोनोग्राफचा तो खर्च साध्या घड्याळाच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो. माझ्या बाकावर एचएमटीची चावीची घड्याळं ढिगाने आली, अजूनही येतात आणि ती उघडून साफ करणारे हात नागपुरात पुष्कळ आहेत. क्रोनोग्राफ उघडणारे थोडे. नागपुरात कोण करून देईल याचं उत्तर मिळाल्याशिवाय यांत्रिक क्रोनोग्राफवर दीड-दोन लाख घालू नका.

एवढं सगळं असून स्टॉपवॉच वापरायचं कशाला, असं लोक विचारतात. आमच्याकडे पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावायचं असतं. सोळाशे आणि आठशेच्या सरावाला मनगटावरचा क्रोनोग्राफ उत्तम, फक्त मिनिटांची चकती सहज वाचता आली पाहिजे. शंभर मीटरला मात्र बटण दाबणाऱ्या बोटाचा उशीर निकालात मोठा दिसतो. तिथे यंत्रापेक्षा हात कमी पडतो, हे मुलांना आधीच सांगावं.

काचेभोवती किंवा डायलच्या काठावर उतरते आकडे असतील, ४००-५०० पासून सुरू होऊन ६० पर्यंत, तर ती वेगाची पट्टी. समृद्धी महामार्गावर गाडीत शेजारी बसून एका किलोमीटरच्या पाटीला बटण दाबा आणि पुढच्या पाटीला थांबवा. काटा ३० सेकंदांवर थांबला तर त्याच्या समोर १२० दिसेल, तोच ताशी वेग. ३६०० ला सेकंदांनी भागायचं, एवढंच गणित त्या पट्टीवर आधीच करून ठेवलेलं असतं. गाडी चालवणाऱ्याने हा उद्योग करू नये.

मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटते ती टेलिमीटरची पट्टी. जुन्या घाटाच्या काही घड्याळांवर ती असते, किलोमीटरच्या खुणांची. वीज दिसली की बटण दाबायचं, गडगडाट ऐकू आला की थांबवायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. आमचा भाग शहराच्या कडेचा, उमरेड रोडकडे गेलं की शेतं सुरू होतात, आणि विदर्भात दरवर्षी शेतात वीज पडून माणसं जातात. वीज आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. यासाठी ती पट्टी असायलाच हवी असं नाही, कोणत्याही सेकंद काट्यावर हे मोजता येतं.

नागपूरच्या हवेचाही विचार करा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, घामाने चामड्याचा पट्टा एका उन्हाळ्यात कुजतो. एप्रिल ते जून स्टीलचा किंवा कापडी पट्टा लावा, चामड्याचा दिवाळीला काढा. उन्हातून येऊन कुलरसमोर बसल्यावर काचेच्या आतून वाफ धरली तर रबराची रिंग गेली असं समजा आणि त्याच दिवशी घड्याळ दाखवा. दोन दिवसांनी आणलेल्या घड्याळात मला गंज सापडतो. क्रोनोग्राफला साध्या घड्याळापेक्षा दोन भोकं जास्त असतात, बटणांची. मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिलेलं असलं तरी ते हात धुण्यापुरतं. पोहायला १०० मीटरचं हवं, आणि पाण्यात बटण कुठल्याच घड्याळाचं दाबू नये, ते खास त्यासाठी बनवलेलं नसेल तर.

जुनं घेण्याचा मोह होतो, विशेषतः त्या सेको ६१३९ चा. तिथे सावध राहा. जगभरच्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' हे नाव चांगल्या अर्थाने घेतलं जात नाही : तुकड्यातुकड्यांतून जोडलेलं, डायल नव्याने रंगवलेलं घड्याळ. भिंगातून बघा. मूळ छपाईची रेघ बारीक आणि एकसारखी असते, नव्या रंगाची जाड आणि कडेला फुटलेली. तारखेच्या खिडकीची कड खडबडीत असेल, तिच्यात रंगाचा थेंब सुकलेला असेल, तर डायल पुन्हा रंगवलंय हे नक्की. तसं घड्याळ घेऊ नये असं नाही, किंमत तशी द्यावी.

तारीख बदलताना एक पथ्य पाळा. रात्री ८-९ पासून पहाटे ३ पर्यंत तारखेचं चाक दातात अडकलेलं असतं. त्या वेळात चावीने तारीख झटपट पुढे ढकलली तर दात तुटतो. आधी काटे सहावर आणा, मग तारीख लावा. ३१ पेक्षा कमी दिवसांचे पाच महिने संपल्यावर, म्हणजे मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या एक तारखेला, हे काम करावंच लागतं. "काका, तारीख चुकून राहिली," असं म्हणत त्या दिवशी हमखास कोणीतरी दुकानात उभं असतं.

दुकानात घड्याळ घेताना घाई करू नका. स्टॉपवॉच सुरू करा, पूर्ण एक मिनिट जाऊ द्या, मिनिटांचा काटा नेमका एक घर सरकतो का बघा. थांबवा, शून्यावर आणा, मोठा काटा बाराच्या खुणेवर ठीक बसला पाहिजे. हे दोन-तीनदा करा. मग चावी ओढून काटे पुढे फिरवत रात्रीचे बारा ओलांडा. तारीख बाराच्या आसपास बदलली पाहिजे आणि नवा आकडा खिडकीच्या मधोमध यायला हवा. एवढं बघू द्यायला दुकानदार कुरकुरला तर नमस्कार करून बाहेर पडा, सीताबर्डीत दुकानं पुष्कळ आहेत.